करिअर फेअर पुढच्या बुधवारी आहे, मागच्या वर्षीसारखा पळून येणार नाही असं काहीतरी सांगा

सैल नट (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

मेकॅनिकल, तिसरं वर्ष. पुढच्या बुधवारी विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात करिअर फेअर आहे. यादीत साठेक कंपन्या दिसतायत. मागच्या वर्षीही गेलो होतो. गेलो म्हणजे आत शिरलो, एक चक्कर मारली, दोन पेनं आणि एक पाण्याची बाटली गोळा केली, एका मोठ्या कंपनीच्या रांगेत पाऊण तास उभा राहिलो आणि नंबर आल्यावर विचारलं, "तुमची कंपनी काय करते?" समोरच्या बाईंनी काही न बोलता पाठीमागच्या फलकाकडे बोट दाखवलं. हातभर अक्षरांत लिहिलं होतं. तिथून जो सटकलो तो थेट हॉस्टेलवर.

माझी पत्रिका: सीजीपीए ६.९. एक केटी (नापास झालेला विषय) लागली होती, सुटली. फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी रेसिंग गाडी बनवायची स्पर्धा) टीममध्ये दोन वर्षं आहे, ब्रेक पेडल आणि त्याचं माउंटिंग माझ्याकडे. सॉलिडवर्क्स (डिझाइनचं सॉफ्टवेअर) येतं, अ‍ॅन्सिस (भाग किती जोर सोसेल ते संगणकावर तपासणारं) कामापुरतं. इंटर्नशिप शून्य.

बोलायचं काय, हा मुख्य प्रश्न. रिझ्युमे एक पानी की दोन? सीजीपीए लिहावा की गाळावा? आणि यादीत काही कंपन्यांपुढे 'इंटर्नशिप' आणि काहींपुढे 'को-ऑप' लिहिलंय, ते वेगळं असतं का?

---

बायनरी | मंगळवार, सकाळी ७:१५

रिझ्युमे एक पानी. दुसरं पान तिथे उभ्या उभ्या कोणी उलटत नाही.

---

कंटाळा अनलिमिटेड | मंगळवार, सकाळी ९:०३

मी चार फेअर केले. चारही ठिकाणी एकच वाक्य ऐकलं, "आमच्या वेबसाइटवर अर्ज करा." अरे बाबांनो, वेबसाइट मला माझ्या खोलीतूनही दिसते की. त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून दोन तास रांगेत कशाला उभं राहायचं? अर्ध्या कंपन्या नुसतं नाव दाखवायला येतात, जागा एकही नसते. मला नोकरी लागली ती एका सिनियरने माझं नाव पुढे केलं म्हणून. फेअरमधून मिळालेली छत्री मात्र अजून चालते.

धागाकर्त्याला सल्ला: त्या दिवशी लॅबमध्ये बस, चार सिनियरांना मेसेज कर.

---

दोन फेज | मंगळवार, सकाळी १०:४०

कंटाळा, छत्रीबद्दल अभिनंदन. :)

सैल नट, मी इलेक्ट्रॉनिक्सची, आता नोकरीत तिसरं वर्ष. माझं फेअरमधूनच जमलं, म्हणून सांगते.

मीही पहिल्या दोन स्टॉलवर पोपटपंची केली. "मी अमुक वर्षाला आहे, मला एम्बेडेडमध्ये रस आहे, मी पटकन शिकते." समोरचा माणूस मान हलवत होता आणि माझ्या खांद्यावरून मागची रांग मोजत होता. तिसऱ्या स्टॉलवर एक जण एकटाच बसला होता. माझ्या रिझ्युमेवर 'कॅन बस' (गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग आपसात बोलतात ती दोन तारांची जोडणी) दिसल्याबरोबर त्याने विचारलं, "गाडी बंद आहे, मल्टिमीटर कॅन-हाय आणि कॅन-लोवर लावलास. किती दिसायला पाहिजे?"

मी म्हटलं ६० ओहम. दोन्ही टोकांना १२०-१२० चे टर्मिनेशन रेझिस्टर, समांतर जोडले की ६०.

"आणि १२० दिसले तर?"

"एका टोकाचा रेझिस्टर नाहीये किंवा तिकडची वायर तुटलीय."

"तुझ्याकडे कधी झालंय असं?"

झालं होतं! आमच्या प्रोजेक्टमध्ये एका पोराने बोर्ड बदलताना टर्मिनेशनचा जंपर काढला आणि विसरला. बसवर एरर येत राहिल्या आणि आम्ही तीन दिवस कोड उसवत बसलो. ते सगळं मी त्याला सांगितलं. हसला. नंतर कळलं, तो टेस्टिंग टीमचा प्रमुख होता. माझी खरी मुलाखत त्या पाच मिनिटांतच उरकली होती. पुढच्या दोन फेऱ्या म्हणजे लग्न ठरल्यावरचा चहा.

सांगायचं म्हणजे, रिझ्युमेवर तेच लिही ज्यावर दुसरा प्रश्न आला तरी तोंड उघडेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे असतं.

---

जुना ओव्हरऑल | मंगळवार, दुपारी १:२०

टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. गेली दहा-बारा वर्षं कंपनीच्या वतीने फेअरला उभा राहतोय. मी एचआरचा नव्हे. डिझाइन विभागातून दरवर्षी कोणाला तरी पाठवतात आणि तो कोणीतरी बहुतेक मीच असतो.

दुपारपर्यंत घसा बसलेला असतो. पायाचे तुकडे पडलेले असतात. शंभरावर रिझ्युमे हातात आलेले असतात आणि त्यातल्या ऐंशींवर 'टीमवर्क, लीडरशिप, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' हे एकाच साच्यातून काढल्यासारखं लिहिलेलं असतं. काहींनी सॉफ्टवेअरपुढे तारे दिलेले असतात. सॉलिडवर्क्स पाचपैकी चार तारे. चार म्हणजे काय? शीट मेटल येतं आणि सरफेसिंग येत नाही, की नुसतंच लाजायचं म्हणून एक तारा कमी? त्याऐवजी 'बेचाळीस भागांची असेंब्ली केली, ड्रॉइंगवर टॉलरन्स दिले, वर्कशॉपमध्ये तीन भाग परत आले' असं लिहिलंत तर मी चष्मा लावून वाचतो. तीन भाग परत का आले, हे विचारल्याशिवाय मला राहवतच नाही.

आता आतली गोष्ट. मुलगा वळून गेला की मी रिझ्युमेच्या कोपऱ्यात पेन्सिलने खूण करतो. बरोबरचं चिन्ह म्हणजे परत बोलवा. आडवी रेघ म्हणजे एचआरच्या गठ्ठ्यात. आणि कधीतरी एखादा शब्द. 'गिअरवाली', 'लेथवर काम केलंय', 'खोटं बोलतो'. रात्री गठ्ठा चाळताना चेहरे आठवत नाहीत, ते शब्द आठवतात. 'गिअरवाली' ही मुलगी थ्रीडी प्रिंट केलेला एक प्लॅनेटरी गिअर खिशात घालून आली होती, दोन दात उडालेला. "हा का तुटला ते मला कळलंय, पुढचा कसा करायचा ते अजून नाही," असं म्हणाली. आज माझ्या शेजारच्या टेबलावर बसते.

तर सैल नट, ब्रेक पेडलचं काय झालं ते सांग. दोन वर्षांत काहीतरी मोडलं असेलच.

---

कंटाळा अनलिमिटेड | मंगळवार, दुपारी १:५५

ओव्हरऑल साहेब, एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. जागा नसताना तुमची कंपनी कधी फेअरला आली आहे का?

---

जुना ओव्हरऑल | मंगळवार, दुपारी २:३०

आली आहे. एका वर्षी स्टॉलचे पैसे आधीच भरलेले होते आणि आठवडाभर आधी भरती थांबली. आम्हाला सांगण्यात आलं, जा आणि हसतमुख राहा. दिवसभर पोरांकडून रिझ्युमे घेतले. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. तेव्हा तुमचं म्हणणं अर्धं मान्य.

यावर उपाय एवढाच की सरळ विचारायचं, "या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मेकॅनिकलवाल्यांसाठी तुमच्याकडे जागा आहेत का? कोणत्या टीममध्ये?" उद्धटपणा अजिबात नाही यात. ज्याच्याकडे जागा आहे तो टीमचं नाव घेतो. ज्याच्याकडे नाही तो "आम्ही नेहमीच चांगल्या मुलांच्या शोधात असतो" असं काहीतरी गुळमुळीत बोलतो. दुसरं ऐकलं की पेन घ्यायचं आणि पुढे निघायचं.

---

अर्धविराम | मंगळवार, सायंकाळी ६:१०

मी भरतीच्या कामात आहे, म्हणून 'वेबसाइटवर अर्ज करा'चा खुलासा करते. बहुतेक मोठ्या कंपन्यांत सगळे उमेदवार एकाच प्रणालीतून यावे लागतात. नोंद राहावी आणि सगळ्यांना एकच चाळणी लागावी म्हणून. टेबलावरच्या माणसाला कागद आवडला तरी तो कागदावरून कोणाला घेऊ शकत नाही. म्हणून ते वाक्य ऐकलं की तोंड पाडून निघून जाऊ नका. विचारा, "कोणत्या क्रमांकाच्या जागेसाठी अर्ज करू? आणि अर्जात आपली भेट झाल्याचं लिहिलं तर चालेल का?" नाव लिहून घ्या. आमच्याकडे फेअरहून आलेला माणूस संध्याकाळी यादी देतो आणि अर्जांच्या ढिगातून ती नावं शोधून वर काढली जातात. पण अर्जच नसेल तर वर काय काढणार? दरवर्षी यादीतली काही नावं प्रणालीत सापडतच नाहीत. मुलं अर्ज करायचं विसरतात किंवा करू-करू म्हणत आठवडा जातो.

रिझ्युमेबद्दल: हातात द्यायची प्रत कशीही सजवा, पण ऑनलाइन चढवायची फाइल साधी ठेवा. दोन रकाने, चौकटी, चित्रात लिहिलेला मजकूर यामुळे प्रणाली वाचताना गोंधळते. तुमचं शिक्षण अनुभवाच्या खान्यात जाऊन बसतं. स्वतःच तपासायचं असेल तर पीडीएफमधला सगळा मजकूर उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. तिथे खिचडी दिसली तर आमच्याकडेही खिचडीच दिसणार.

सीजीपीए: ज्यांची अट ७ ची आहे त्यांच्याकडे ६.९ लपवून काही साधत नाही, अर्जात भरावाच लागतो. रिझ्युमेवर नाही लिहिला तरी चालेल, पण विचारला तर एका दमात सांगा. "६.९. दुसऱ्या वर्षी एक केटी लागली, सुटली." इथे थांबा. आजारपण, पेपर अवघड होता, सर चांगले नव्हते, हे सगळं तुमच्या मनात ठेवा.

---

बायनरी | मंगळवार, सायंकाळी ६:४४

नोटपॅडची युक्ती भारी. आत्ताच करून बघितली. माझ्या रिझ्युमेत माझा फोन नंबर माझ्या छंदांमध्ये गेलाय.

---

वेल्डिंगचा चष्मा | मंगळवार, रात्री ९:२५

को-ऑपचं कोणीच सांगितलं नाही. इंटर्नशिप बहुधा सुट्टीतली, दोन-तीन महिन्यांची. को-ऑपमध्ये अख्खं सत्र किंवा त्याहून जास्त काळ कॉलेज बाजूला ठेवून पूर्ण वेळ काम करायचं, मग परत वर्गात, अनेक ठिकाणी आलटून पालटून. याची सुरुवात अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली झाली. हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकांनी पहिल्या वर्षी २७ विद्यार्थ्यांना घेऊन हा प्रयोग केला. वर्गात यंत्रं शिकवता येतात पण यंत्राबरोबर राहणं शिकवता येत नाही, या वैतागातून निघालेली कल्पना असावी, असा आपला माझा अंदाज.

को-ऑप घेतलास तर पदवी लांबू शकते. विभागात आधी विचार, श्रेयांक मिळतात की नाही ते. मी स्वतः सहा महिने केला होता. पहिले दोन महिने लोक तुम्हाला फक्त फोटोकॉपी काढायला सांगतात, तिसऱ्या महिन्यात कोणीतरी रजेवर जातं आणि त्याचं काम अंगावर पडतं. शिक्षण तिथून सुरू होतं. सुट्टीतल्या इंटर्नशिपमध्ये तिसरा महिना उजाडायच्या आत निरोपाचा केक कापून झालेला असतो.

---

परदेशस्थ पाना | बुधवार, पहाटे ३:१२

अमेरिकेत शिकणाऱ्या कोणी हा धागा वाचत असेल तर दोन ओळी, बाकीच्यांनी सोडून द्या. स्टॉलवर जायच्या आधी कंपनी काय बनवते ते बघा. संरक्षण आणि अंतराळ क्षेत्रात आयटार हे निर्यात-नियंत्रणाचे नियम लागू होतात, त्यामुळे तिथल्या बहुतेक तांत्रिक जागा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांपुरत्या असतात. रॉकेटच्या मॉडेलसमोर तासभर रांगेत उभं राहून हे कळलं की फार जिव्हारी लागतं, स्वानुभव. आणि व्हिसाचा प्रश्न आला तर चाचरू नका. ओपीटी (पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) १२ महिने, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतली पदवी असेल तर आणखी २४ महिने, त्यासाठी कंपनीची ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासणारी सरकारी प्रणाली) नोंदणी हवी. छोट्या कंपनीतल्या माणसाला हे बरेचदा माहीतच नसतं आणि तो घाबरून नाही म्हणतो. तुम्हीच शांतपणे सांगितलंत तर निदान विचार तरी करतो.

---

सैल नट (धागाकर्ता) | बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

ओव्हरऑल काका, मोडलं नाही, वाकलं. नियमाप्रमाणे ब्रेक पेडल आणि माउंटिंगने २००० न्यूटन सहन करायला पाहिजे, म्हणजे साधारण दोनशे किलोचा माणूस पेडलवर उभा राहिला असं समजा. मी अ‍ॅन्सिसमध्ये केलं तेव्हा फॅक्टर ऑफ सेफ्टी (लागेल त्याच्या किती पट जोर सोसेल ते) २.१ आला होता. सगळं हिरवं-निळं. प्रत्यक्ष लोड सेलवर (जोर मोजायचं उपकरण) दाबलं तर १५०० च्या आसपासच ब्रॅकेट एका बाजूला कललं आणि परत आलंच नाही. स्पर्धेला महिनाच होता. घाईत जाड प्लेटचं दुसरं बनवलं, वजन वाढलं, कॅप्टन अजून टोमणे मारतो. वाकलेलं ब्रॅकेट माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. हे सांगायचं का तिथे? आपली चूक आपल्याच तोंडाने?

---

जुना ओव्हरऑल | बुधवार, रात्री १०:५१

पेपरवेट घेऊन जा.

---

दोन फेज | गुरुवार, सकाळी ८:०५

ओव्हरऑलांना +१००. आणि सैल नट, १५०० ला का वाकलं ते शोधून काढलंस का? कारण तोच दुसरा प्रश्न असणार आहे. 'जाड प्लेट लावली' हे उत्तर नव्हे.

---

सैल नट (धागाकर्ता) | गुरुवार, सकाळी ८:४०

नाही शोधलं. :( शोधतो.

---

कंटाळा अनलिमिटेड | गुरुवार, सकाळी ९:१५

आता तर माझीही उत्सुकता चाळवली. पण रांगेचं कोणीतरी बोला. मोठ्या नावांपुढे तासभराची रांग असते, त्यात दोन स्टॉल झाले की दिवस संपला.

---

अर्धविराम | गुरुवार, दुपारी १२:२०

मोठी नावं पहिल्या अर्ध्या तासात, नाहीतर सोडून द्या. शेवटच्या अर्ध्या तासात जाऊ नका, तेव्हा फलकाची घडी घालणं चालू असतं आणि तुमच्याशी बोलणाऱ्याचं लक्ष गाडीच्या वेळेकडे असतं. यादी आदल्या रात्री बघा, सहा-सात नावं निवडा, प्रत्येकापुढे एक ओळ लिहा: ही काय बनवते, आणि मला काय विचारायचंय. साठच्या साठ करायला जाऊ नका.

काही जण सांगतात, आधी नको असलेल्या कंपनीवर सराव करा. मला ते पटत नाही, समोरच्यालाही कळतं की आपण नुसती नेट प्रॅक्टिस आहोत. आधी ज्याच्याकडे गर्दी नाही पण काम आवडलंय, तिथे जा.

---

वेल्डिंगचा चष्मा | गुरुवार, दुपारी १:००

बूट आदल्या दिवशी घालून फिरून बघ. नवे बूट चावतात. बाकी कपड्यांवर कोणी एवढा विचार करत नाही, स्वच्छ असले की झालं.

---

सैल नट (धागाकर्ता) | पुढचा बुधवार, रात्री ११:२०

वृत्तांत देतो. लांब आहे, सांभाळून घ्या.

दारातच अडकलो. सुरक्षारक्षकाने बॅग उघडायला लावली, आत वाकडी धातूची पट्टी. "हे काय आहे?" म्हटलं ब्रेक पेडलचं ब्रॅकेट. "गाडी कुठे आहे मग?" मागे रांग थांबलेली. शेवटी त्याला रिझ्युमेवरचा गाडीचा फोटो दाखवला. "वाकलंय की हो हे," असं म्हणून त्याने सोडलं. दिवसातला पहिला तांत्रिक अभिप्राय.

पहिला स्टॉल ठरवून मोठ्या नावाचा केला. माफ करा अर्धविराम ताई, मोह झाला. पंचवीस मिनिटं रांग. नंबर आला आणि माझी पाटी कोरी. जे पाठ केलं होतं त्यातलं "मी हार्डवर्किंग आहे" एवढंच बाहेर पडलं. बॅगेतलं ब्रॅकेट काढायचं सुचलंसुद्धा नाही. त्यांनी क्यूआर कोड दाखवला, मी स्कॅन केला, झालं. बाहेर जिन्यात जाऊन बसलो. खरं सांगतो, हॉस्टेलचा रस्ता डोळ्यांसमोर होता. तिथे आणखी दोन पोरं अशीच बसली होती, त्यातला एक बूट काढून टाच बघत होता. (चष्मा काका, तुम्ही बरोबर होतात.)

मग यादी काढली. तिसरं नाव एका पंप बनवणाऱ्या कंपनीचं होतं. स्टॉल कोपऱ्यात, खांबाच्या मागे. टेबलावर एक कापलेला सेंट्रिफ्यूगल पंप ठेवला होता, आतला इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) दिसेल असा. पन्नाशीचे एक गृहस्थ, गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालेलं. कोणीच नव्हतं. मी विचारलं, "हा इम्पेलर कास्टिंगचा आहे का?" पाठ केलेलं नव्हतं हे, खरंच दिसलं म्हणून विचारलं. ते म्हणाले हो, आणि पात्याच्या कडेला बोट लावून दाखवलं, तिथे बारीक बारीक खड्डे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे. "हे कशाने?" मी म्हटलं कॅव्हिटेशन. "सांग कसं." सक्शनला दाब कमी होतो, पाण्याच्या वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढला की ते पात्यावर फुटतात. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये माझी केटी होती बरं का. दोनदा अभ्यास केल्याचा फायदा.

मग बॅगेतून पेपरवेट काढला.

त्यांनी काहीही न बोलता तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, जिथे वाक होता तिथे अंगठा दाबून बघितला. मग उलटा करून बोल्टची भोकं बघितली. आणि म्हणाले, "भोकांना फिक्स्ड सपोर्ट दिला होतास ना?"

अंगावर काटा आला. कारण दोन फेज ताईंनी विचारल्यावर शुक्रवार-शनिवार मी तेच शोधत होतो. सॉफ्टवेअरमध्ये मी बोल्टची भोकं भिंतीत गाडल्यासारखी पक्की धरली होती. प्रत्यक्षात ब्रॅकेट चेसिसच्या नळीवर वेल्ड केलेल्या पातळ टॅबवर बसतं. जोर आल्यावर आधी टॅब वळला, मग ब्रॅकेटवर सरळ जोर न येता पीळ आला, आणि पिळासाठी मी ते बनवलंच नव्हतं. टॅब मॉडेलमध्ये घालून शनिवारी रात्री परत चालवलं तर २.१ चा फॅक्टर ०.८ झाला. सगळं सांगितलं. नवीन जाड प्लेट लावली तीसुद्धा चुकीच्या जागी लावलेली मलमपट्टी होती, हेही सांगितलं.

ते म्हणाले, "आमच्याकडे बेसप्लेटच्या बाबतीत दरवर्षी कोणीतरी हेच करतं." मग त्यांनी एक किस्सा सांगितला, तो इथे लिहीत नाही, त्यांच्या कंपनीतला आहे. दहा-बारा मिनिटं झाली असतील. शेवटी सीजीपीए विचारला. ६.९, एक केटी, सुटली, असं म्हणून तोंड बंद ठेवलं. फार कठीण गेलं ते बंद ठेवणं. त्यांनी मान हलवली, रिझ्युमे उलटा करून मागे काहीतरी लिहिलं. वाकून बघायचा प्रयत्न केला, 'टेस्ट बेंच' एवढं वाचता आलं. टेस्टिंगच्या एका सहकाऱ्याचा ईमेल दिला आणि ऑनलाइन अर्जही करायला सांगितला. जागेचा क्रमांक विचारून घेतला.

नंतर आणखी चार स्टॉल केले. दोन ठिकाणी गुळमुळीत उत्तर आलं, पेन घेऊन निघालो. एका ठिकाणी मुलीने सरळ सांगितलं की या वर्षी फक्त शेवटच्या वर्षाचे हवेत. एका ठिकाणी ब्रॅकेट दाखवलं तर समोरच्याने "ओके, नाइस" म्हणून बाजूला ठेवलं आणि मला ते परत मागायला लागलं. म्हणजे सगळीकडे चालत नाही ही युक्ती.

अर्ज संध्याकाळी सहाला केला, ईमेल सातला. ईमेल चार ओळींचाच ठेवला: कुठे भेटलो, ब्रॅकेटवाला मुलगा, टॅबसकट केलेल्या अ‍ॅनालिसिसचं चित्र सोबत जोडलंय, अर्ज अमुक क्रमांकाचा.

---

दोन फेज | गुरुवार, सकाळी ७:३०

वाचताना मीच उभी राहिले. शाब्बास रे! पण 'ओके, नाइस'वाल्याकडून ब्रॅकेट परत घेतलंस हे सगळ्यात चांगलं केलंस.

---

कंटाळा अनलिमिटेड | गुरुवार, सकाळी ९:४५

माझं मत अजून तेच आहे. सहापैकी एक. त्या एकाचंही अजून काही ठरलेलं नाही. आणि खांबामागे तो माणूस नसता तर? पण वृत्तांत वाचला, दोनदा वाचला. ०.८ वर हसू आलं, माझंही एकदा असंच झालं होतं, तेव्हा मी ते कोणाला सांगितलं नाही.

---

अर्धविराम | गुरुवार, दुपारी १२:०५

चार-पाच दिवस वाट बघ. मग एकदाच आठवण करून दे, तीही दोन ओळींत. रोज मेल टाकू नकोस.

---

सैल नट (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ९:१०

उत्तर आलं. नोकरी वगैरे नाही. टेस्टिंगवाल्या बाईंनी लिहिलंय की गुरुवारी अर्धा तास फोनवर बोलू, आणि त्याआधी टॅबचा फोटो पाठव, वेल्ड दिसेल असा. आत्ता गॅरेजमध्ये गाडीखाली झोपून काढून आलो. पाठीला ग्रीस लागलंय.

---

जुना ओव्हरऑल | मंगळवार, रात्री ९:३२

टॅबची जाडी किती?

---

सैल नट (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ९:३५

दोन मिमी.

---

जुना ओव्हरऑल | मंगळवार, रात्री ९:३६

अरे देवा. आधाराचा गसेट दिलास का आता?

---

सैल नट (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ९:४१

रविवारी दिला, दोन्ही बाजूंनी. काल २००० ला दाबलं, हललं नाही. जाड प्लेट काढून जुन्या जाडीचं ब्रॅकेट परत लावलंय, कॅप्टन गप्प आहे. पण आता पेडल सोडताना पिव्हटमधून कुरकुर आवाज येतोय, बुश बघायला लागणार.